वादग्रस्त स्मारके आणि शाळेतील दुसरा फलक

मुंबईच्या काळा घोडा चौकात १९६५ पर्यंत अश्वारूढ युवराज एडवर्डचा पुतळा उभा होता. तो १८७९ मध्ये बसविण्यात आला आणि त्याचा खर्च अल्बर्ट ससून ह्या मुंबईच्याच धनिक व्यापाऱ्याने सोसला. पुढे पुतळा भायखळ्याच्या राणीच्या बागेत, म्हणजे आजच्या वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानात, हलविण्यात आला. चौकाचे नाव मात्र राहिले. मौज अशी की, त्या नावात राजपुत्राचा मागमूस नाही. लोकांनी स्वार विसरून घोडा तेवढा ध्यानात ठेवला. २०१७ मध्ये त्याच परिसरात नवा काळा घोडा उभारण्यात आला. त्याच्या पाठीवर कोणीही बसलेले नाही.

परकीय सत्तेने उभारलेल्या स्मारकाचे काय करावे, ह्या प्रश्नाला मिळालेले हे एक उत्तर होय. दक्षिण आफ्रिकेतील केपटाउन विद्यापीठात विद्यार्थ्यांनी २०१५ मध्ये सेसिल ऱ्होड्सच्या पुतळ्याविरुद्ध आंदोलन केले आणि ९ एप्रिल रोजी तो हलविण्यात आला. पुतळा उचलला जात असताना सेथेंबिले म्सेझाने ही कलाशाखेची विद्यार्थिनी पंख लावून, पक्ष्याच्या रूपात, चौथऱ्यावर तासन् तास निश्चल उभी राहिली. त्या प्रसंगाचे छायाचित्र पुढे जगभर गेले.

आपल्याकडील सर्वांत बोधप्रद उदाहरण मात्र कोरेगाव भीमाच्या स्तंभाचे आहे. १ जानेवारी १८१८ च्या लढाईनंतर ईस्ट इंडिया कंपनीने आपल्या फौजेच्या गौरवार्थ तो उभारला. पेशव्यांविरुद्धचा विजय मिरविणे, हा त्यामागील हेतू उघड आहे. परंतु त्यावर कोरलेल्या मृतांच्या नावांत २२ नावे ‘नाक’ ह्या प्रत्ययाची, म्हणजे महार शिपायांची आहेत. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तेथे भेट दिली आणि कंपनीच्या विजयस्तंभाला मानवी प्रतिष्ठेच्या लढ्याचा अर्थ प्राप्त झाला. दगडावरील एकही अक्षर बदलले नाही, वाचणारा बदलला. त्या स्तंभावरून वाद आहेत, १ जानेवारी २०१८ रोजी तेथे हिंसाचारही झाला. म्हणून शिक्षक हा विषय वर्गात टाळतात. हे टाळणे समजण्यासारखे असले तरी इष्ट नव्हे, कारण मुले तो विषय घरी आणि चौकात ऐकतातच. फक्त तेथे त्यांना कोणी पुरावा विचारीत नाही.

बीड जिल्ह्यात हा प्रश्न थोड्या निराळ्या स्वरूपात येतो. हा मुलूख निजामाच्या राज्यात असल्याने मुंबईसारखी राजे-राण्यांच्या पुतळ्यांची गर्दी येथे झाली नाही. तथापि अंबाजोगाई, तेव्हाचे मोमिनाबाद, हे हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळाचे ठाणे होते. ह्या फौजेचा भार निजामावर, हुकमत मात्र इंग्रज अधिकाऱ्यांची, असा तो विचित्र कारभार होता. तिच्या खर्चापोटी १८५३ च्या तहाने निजामाला वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या हवाली करावा लागला; पुढे १९०३ मध्ये कंटिंजंट ब्रिटिशांच्या हिंदी सैन्यात विलीन झाली. त्याच अंबाजोगाईत, योगेश्वरी विद्यालयात, १९३५ पासून स्वामी रामानंद तीर्थ अध्यापन करीत होते आणि १९३८ मध्ये ते हैदराबादच्या स्वातंत्र्यलढ्यात उतरले. छावणी आणि शाळा एकाच गावात! इतिहासाच्या शिक्षकाला ह्याहून सोपी सामग्री कोठे मिळणार?

वर्गातील कामाचा आरंभ साध्या पाहणीने व्हावा. गावात जुन्या छावणीची वास्तू, कबर, कमान वा कोनशिला उरली असेल तर मुलांनी तिच्यावरील मजकूर अक्षरशः उतरवून घ्यावा. तो कोणी लिहिला, खर्च कोणी केला आणि कोणाचे नाव त्यात आलेले नाही, हे विचारावे. दगड वाहणाऱ्यांचे व मोतद्दारांचे नाव बहुधा नसतेच. त्यानंतर प्रत्येक गटाने चाळीस शब्दांचा ‘दुसरा फलक’ लिहावा. शब्दमर्यादा कटाक्षाने पाळावी, कारण लांबण लागली की घोषणा सुरू होतात. आठवीच्या पुढील विद्यार्थ्यांना त्यावर नाट्यप्रवेश किंवा चित्र रचता येईल. मात्र केवळ रंगीत चित्र काढून घेणे म्हणजे प्रतिसाद नव्हे.

एकाच वर्गात निरनिराळ्या घरांच्या आठवणी असतात. निजामी राजवट एका आजोबांना जुलमाची, दुसऱ्यांना नोकरीची आठवते. दोन्ही फलक शेजारी लावावेत; शिक्षकाने त्यांचा निकाल देऊ नये. तारीख व नाव चुकले असेल तेवढे मात्र तांबड्या शाईने दाखवावे.

मूळ दगडाला हात लावू नये, कोळसा वा रंग तर मुळीच नाही. राज्य संरक्षित वास्तूंना १९६० चा महाराष्ट्र प्राचीन स्मारकविषयक अधिनियम लागू आहे. नुकसान करणे हा गुन्हा ठरतो. फलक पुठ्ठ्यावर लिहून शाळेत किंवा, ग्रामपंचायतीने जागा दिल्यास, चावडीत लावावेत आणि त्यांवर वर्ष घालावे. पुढील वर्षीच्या तुकडीला ते वाचून नव्याने लिहिण्याची मुभा असावी. जुने फलक फाडू नयेत, शाळेच्या कपाटात ठेवावेत.