नियम आधी सांग, गोष्ट आधी ठरवू नकोस

बाळा, दिवाळीत सगळी भावंडं रोह्याला जमतील, तेव्हा खेळ तू चालवणार आहेस. डंजन्स अँड ड्रॅगन्सचं पुस्तक तू वाचलंस, फासे आणलेस, अवचितगडाची मोहीमही मनात रचलीस. आता अडलंय ते एका जागी: पुस्तकातला नियम पाळायचा, की गोष्ट रंगतेय तिकडे जायचं? मामा म्हणून माझं सांगणं थोडक्यात असं, की नियम आधी सांग आणि गोष्ट आधी ठरवू नकोस. हे कसं साधायचं ते नीट ऐक.

हा पेच तुझ्या एकट्याचा नाही. प्रशियाच्या सैन्यात १८२४ साली राइस्विट्झ नावाच्या अधिकाऱ्याने नकाशावरचा युद्धखेळ आणला. त्यात फासे होते, कोष्टकं होती आणि निकाल देणारा पंच होता. पुढे कोष्टकांचं ओझं इतकं झालं की १८७६ साली व्हर्डी या दुसऱ्या अधिकाऱ्याने ती बाजूला ठेवून जाणत्या पंचाच्या शब्दावर खेळ चालवावा असं मांडलं. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ साली तुझा हा खेळ छापला, तोही युद्धखेळांच्याच घराण्यातला. म्हणून तुझ्या हातात फासेही आहेत आणि पंचाचा अधिकारही. दोन्ही वापरायचे आहेत.

आपल्याकडचा दाखला हवा तर तळकोकणातला दशावतार बघ. संहिता लिहिलेली नसते. आज कोणतं आख्यान लावायचं ते ठरतं, कोण कोणतं सोंग घेणार ते ठरतं, आणि संवाद नट रंगमंचावर स्वतःच्या बुद्धीने बोलतात. तरी खेळ भरकटत नाही, कारण शेवट पुराणाने बांधलेला असतो. राक्षस मरणार हे बघणाऱ्याला ठाऊक असतं. तुझ्या खेळात शेवटसुद्धा मोकळा आहे. दशावतारात पुराण जे काम करतं, ते तुझ्याकडे नियमांना करायचंय. म्हणून तुझे नियम ठाम हवेत आणि सगळ्यांना माहीत हवेत.

जगाचे नियम उघड ठेव. तुझी मोहीम रेवदंड्यात पोर्तुगीज असतानाच्या काळातली आहे. निरोप घेऊन होडी कुंडलिकेच्या खाडीतून रोह्याकडे यायची आणि तिथून पिंगळसई किंवा मेढ्याच्या बाजूने रान तुडवत गड चढायचा. मग भावंडांना कोकणातला जुना हिशोब आधीच शिकव: तिथीची पाऊणपट करावी, साधारण तितक्या वाजता भरती. अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. पुढे सहा तासांनी ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराला उधाणाचं पाणी, अष्टमीच्या सुमाराला भांगाचं, म्हणजे कमी चढणारं. एवढं कळलं की मुलं आपणहून वाद घालतील: रात्रीच्या भरतीवर निघायचं की पहाटे पहारा ढिला पडेपर्यंत थांबून ओहोटीशी झगडायचं? एका ओळीच्या नियमाने तुला तासभराची गोष्ट दिली, आणि ती तू रचलेली नाहीस.

दोन्ही निकाल चालणार असतील तरच फासा टाकायला सांग. तांडेलाने खाडीतून दिवसा होडी वल्हवली, यात फाशाचं काय काम? अंधारात पहाऱ्यासमोरून वल्हवली, तर आहे. टाकण्याआधी दोन्ही बाजू बोलून दाखव: "जमलं तर कोणाच्या नजरेला न पडता पार, चुकलं तर किनाऱ्यावरून हाक येईल." एखादा निकाल तुला सोसणारच नसेल, तर फाशाला हात लावू नकोस; काय झालं ते सरळ सांगून पुढे चल.

एका कामाला एकच फासा. हा हिशोब पाठ कर. गडाचा कडा चढायला १५ हवेत आणि त्या पात्राला चढाईचे ५ गुण जास्तीचे मिळतात. म्हणजे वीस बाजूंच्या फाशावर १० किंवा वर पडलं की झालं. २० पैकी ११ बाजू त्याच्या, म्हणजे ५५ टक्के. तोच कडा तीन टप्प्यांत चढायला लावून तिन्ही वेळा जमलंच पाहिजे असं म्हटलंस, तर ५५ चे १७ टक्क्यांच्या आसपास होतात. तुला वाटेल थरार वाढवला, प्रत्यक्षात तू दार बंद केलंस.

पडलेला फासा फिरवू नकोस. पडद्याआड आकडा बदलून लाडक्या पात्राला वाचवावंसं वाटेल. एकदा मुलांना संशय आला की त्यांच्या पुढच्या प्रत्येक जिंकण्याची किंमत जाते. फासे सगळ्यांसमोर पडू देत. मात्र चुकण्याचा अर्थ गोष्ट थांबली असा घेऊ नकोस. कड्यावरून हात सुटला तर पात्र खालच्या झाडीत पडतं, निरोपाची थैली वर अडकते, आणि आता नवी अडचण उभी राहते.

नियम आठवेना, तर निर्णय दे. पुस्तक चाळत बसलास की खेळाची हवा जाते. मिनिटभरात न्याय्य वाटेल तो निर्णय दे, वहीत टिपून ठेव, रात्री खेळ आटोपल्यावर पुस्तकात बघ. पुढच्या बैठकीच्या सुरुवातीला सांग: "आजपासून असं धरायचं." मध्येच, कोणाच्या तोट्याचा होईल असा बदल करू नकोस.

महत्त्वाच्या गोष्टीला तीन वाटा ठेव. गडावर फितुरी आहे हे कळायलाच हवं असेल, तर त्याची एकच खूण ठेवू नकोस. द्वादशकोनी तलावापाशी पुरलेली नाणी, गुराख्याचं बोलणं, शिबंदीच्या हजेरीतला घोळ, अशा तीन ठेव. दोन हुकतील, तिसरी सापडेल. त्यांना एकाच वाटेने ढकलत न्यायची वेळ तुझ्यावर येणार नाही.

पहिली बैठक बोलण्याची. फासे काढण्याआधी प्रत्येकाला विचार: तुला लढाई हवी, कोडी हवीत की नाती? कोणती गोष्ट खेळात नको? धाकटीला भुतांची भीती वाटत असेल, तर रानात भुतं नाहीत, हाही नियमच. आणि जे कमी बोलतात त्यांच्याकडे दर फेरीत नाव घेऊन वळ. ज्याचा आवाज मोठा त्याचीच गोष्ट झाली, तर नियम पाळूनही खेळ अन्यायाचा होतो.

तयारीला वहीचं एक पान पुरे: तिथी, भरतीची वेळ, शिबंदी किती, पहारा कधी बदलतो, गडावरच्या प्रत्येकाला काय हवंय. मुलं काय करतील, हे त्या पानावर लिहू नकोस. खेळ मांडलास की पानावरचं जे त्यांच्या पात्रांना ठाऊक असणार ते सगळं सांगून टाक आणि विचार, "आता तुम्ही काय करता?" त्याचं उत्तर तुला अपेक्षित नसलेलं आलं, तर समज की खेळ नीट सुरू झाला.