आयुष्याच्या आठ पायऱ्या

मनुष्याची वाढ विशीत संपते, असा आपला सर्वसाधारण समज असतो. एरिक एरिक्सन (१९०२–१९९४) या मानसशास्त्रज्ञाने १९५० साली ‘चाइल्डहुड अँड सोसायटी’ या ग्रंथात जन्मापासून वार्धक्यापर्यंत वाढीच्या आठ पायऱ्या मांडल्या.

प्रत्येक पायरीवर एक झगडा असतो. तान्ह्या बाळाचा झगडा विश्वास की अविश्वास, हा. किशोराचा, ‘मी कोण?’ हा. मार्टिन ल्यूथरच्या बापाला मुलगा वकील व्हावा असे वाटे. मुलगा मठात गेला. तरुण ल्यूथरचा हा झगडा एरिक्सनने १९५८ साली ग्रंथरूपाने अभ्यासला.

सातवी पायरी मध्यमवयाची : पुढील पिढीसाठी झिजावे, की स्वतःतच गुरफटून राहावे? आठवी वृद्धांची : जगलेले आयुष्य आपले म्हणून स्वीकारावे, की हळहळत बसावे? कच्ची राहिलेली पायरी पुढेही भरून काढता येते, हे त्याचे म्हणणे दिलासा देणारे आहे.

म्हणून घरातील आजोबा जुन्या गोष्टी काढतात तेव्हा त्यांना थांबवू नये. पुष्कळदा ते आयुष्याचा हिशेब जुळवत असतात.

विचारासाठी प्रश्न : आपल्या घरात कोण कोणत्या पायरीवर आहे? त्याला आपला हात मिळतो काय?