यादी हातात घ्या, बायांनो

सोलापूरच्या पूर्व भागात एका पक्षाच्या महिला आघाडीचं काम मी बरीच वर्षं करते आहे. पक्षाचं नाव इथे मुद्दाम घेत नाही, कारण जे सांगायचं आहे ते सगळ्याच पक्षांतल्या बायकांना लागू आहे. निवडणूक लागली की आघाडीकडे दोन कामं ठरलेली असतात: सभेला बायका आणायच्या आणि उमेदवार गल्लीत आला की औक्षण करायचं. तेवढंच केलं तर निकालानंतर आपल्याला कोणी ओळखही दाखवत नाही. 2024 ची लोकसभा, त्याच वर्षीची विधानसभा आणि 2026 च्या जानेवारीतली महापालिका या तिन्ही निवडणुकांत आमच्या आघाडीने वेगळी कामं अंगावर घेतली. त्यातून जे कळलं ते नव्याने येणाऱ्या मुलींसाठी लिहिते आहे.

1. खरं काम निवडणूक लागायच्या आधी होतं

महापालिकेची निवडणूक राज्य निवडणूक आयोग घेतो, पण यादी विधानसभेचीच वापरतो. 15 जानेवारी 2026 च्या मतदानाला 1 जुलै 2025 ची यादी धरली होती. म्हणजे जी मुलगी ऑगस्टमध्ये अठरा वर्षांची झाली, तिने कितीही धावपळ केली तरी तिला मत नव्हतं. हे डिसेंबरात, प्रचार सुरू झाल्यावर कळून काय उपयोग? त्या वर्षी नोव्हेंबरात प्रभागवार प्रारूप यादी लागली, पण तिच्यावर हरकत घ्यायची ती नाव चुकीच्या प्रभागात गेलं, लिहिताना चूक झाली अशा कारणांसाठी. नवं नाव त्या टप्प्यावर चढत नाही.

म्हणून आम्ही पावसाळ्यातच यादी घेऊन बसतो. कुणाच्या तरी ओट्यावर सतरंजी टाकायची. एकीने पट्टी धरून ओळ वाचायची, बाकीच्यांनी सांगायचं: ही आहे, ही वारली, ही लग्न होऊन गेली, ही कोण, या गल्लीत अशी कुणी नाही. आमच्याकडे तेलुगू नावं मराठी यादीत कशीही लिहिली जातात. आडनाव आधी, घराण्याचं नाव मध्ये, कधी नवऱ्याचं नावच बाईच्या नावाच्या जागी. मतदानाच्या दिवशी तीच बाई ओळखपत्र घेऊन उभी राहते आणि नाव जुळत नाही म्हणून तिला परत पाठवतात. त्या ओट्यावर अर्ध्या तासात जे सापडतं ते कुठल्याही वॉररूममध्ये सापडणार नाही, कारण गल्लीतल्या बाळंतपणांपासून मयतांपर्यंत सगळ्याची नोंद बायकांच्या डोक्यात असते.

सगळ्यात जास्त नावं सुटतात ती सुनांची. लग्न करून आली, रेशनकार्डावर चढली, आधार बदलला, मत मात्र माहेरीच. नव्या नावासाठी फॉर्म 6, पत्ता बदलायला किंवा दुरुस्तीला फॉर्म 8, नाव कमी करायला फॉर्म 7, हे आघाडीतल्या प्रत्येकीला पाठ हवं. सुनेचं नाव माहेरच्या यादीत असेल तर फॉर्म 8 भरायचा. नवा फॉर्म 6 भरला की ती दुबार होते, आणि 2026 च्या महापालिकेच्या यादीत संभाव्य दुबार मतदारांच्या नावापुढे दोन तारे आले होते, ते असे. सुनांसारखंच घर बदललेल्या बायांचंही होतं. कुंभारीला विडी कामगारांचं कॉम्रेड गोदूताई परुळेकर घरकुल झालं, दहा हजार घरांचं. ते महापालिकेच्या हद्दीबाहेर आहे. तिकडे राहायला गेलेल्या बायांचं नाव शहरातच राहिलं असेल तर त्या ना इथल्या राहतात ना तिथल्या. घर बदललं की मताचा पत्ताही बदलायला सांगा, मग ते मत आपल्या उमेदवाराच्या हातून गेलं तरी चालेल.

2. विडी वळणाऱ्या बाईकडे तिच्या वेळेने जा

आमच्या भागातल्या बायका सकाळी विड्या द्यायला कारखान्यात जातात, पान-तंबाखू घेऊन परत येतात. त्या वेळी दारात गेलात तर दार बंद. दुपारी जेवणं आटोपल्यावर त्या भिंतीला टेकून बसतात, मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि मापाला पत्र्याचा तुकडा लावून कातरलेली पानं. बोट थांबत नाही. पान उचललं, तंबाखू पसरली, वळली, दोरा गुंडाळला, तोंड दुमडलं. हजार विड्यांचा हिशेब संध्याकाळपर्यंत पुरा करायचा असतो. अशा बाईसमोर उभं राहून पत्रक वाचू नये. खाली बसावं, तिच्याच वेगाने बोलावं, आणि मुख्य म्हणजे तिला बोलू द्यावं.

ती जे बोलते ते जाहीरनाम्यात नसतं. प्रॉव्हिडंट फंडाच्या कागदात नाव चुकलंय, पैसे निघत नाहीत. मुलाच्या शिष्यवृत्तीचा अर्ज अडलाय. पाणी चार-पाच दिवसांनी येतं, तेही कधी रात्री दोनला, मग भरून ठेवायला जागणारी तीच. उजनी धरण भरलं म्हणून पेपरात फोटो येतो, तेव्हा तिच्या घरात पिंप रिकामं असतं. हे सगळं वहीत लिहायचं, गल्लीच्या नावासकट. उमेदवाराच्या हातात ती वही द्यायची आणि त्याच गल्लीत त्याला उत्तर द्यायला उभं करायचं.

भाषेचंही तसंच. आमच्या बाजूला तेलुगू, दोन गल्ल्या सोडून कन्नड, पलीकडे उर्दू. जिची जी भाषा, तिला त्या गल्लीत पाठवा. पुढारी मराठीत बोलून जातात, बायका मान डोलावतात आणि ते गेले की एकमेकींना विचारतात, काय म्हणाले?

3. सभेच्या गर्दीवर आघाडी खर्ची घालू नका

सभेला नेलेल्या बाईची त्या दिवसाची मजुरी बुडते. ती भरून द्यायची म्हणून पैसे वाटले जातात, आणि मग तीच बाई सकाळी एका पक्षाच्या, संध्याकाळी दुसऱ्याच्या सभेत दिसते. त्यात तिचा दोष नाही. तिची ओढाताण करणाऱ्यांचा आहे. आम्ही ट्रक भरून बायका नेणं बंद केलं. त्याऐवजी पंधरा-वीस बायकांच्या कोपरा बैठका घेतो, त्यांच्याच दारात, तासाभराच्या. सुरुवातीला पक्षातल्या पुरुषांनी नाराजी दाखवली. दाखवू द्या.

4. हळदीकुंकू उमेदवाराच्या नावाने नको

2026 चं मतदान 15 जानेवारीला आणि संक्रांत 14 ला. त्यात सोलापुरात सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा भरलेली. सगळ्या उमेदवारांना एकच सुचलं: हळदीकुंकू घ्या, वाण वाटा, फोटो काढा. स्टीलचा डबा असो की साडी, मतासाठी दिलेलं वाण ही लाच आहे आणि आचारसंहितेत ती तक्रार होऊ शकते. त्याहून वाईट म्हणजे ज्या बाईने डबा घेतला तिला पुढची पाच वर्षं प्रश्न विचारता येत नाही. कुणीतरी लगेच म्हणतं, घेतलंस ना तेव्हा?

आम्ही ठरवलं की ज्या त्या बाईने आपल्या घरी, आपल्या ऐपतीने, नेहमीसारखं हळदीकुंकू करावं. तिथे पक्षाचा बॅनर नाही, उमेदवाराचं नाव नाही. तिळगूळ देताना प्रचार नाही. यात्रेत नंदीध्वज पाहायला उभ्या असलेल्या बायांना पत्रकं द्यायची नाहीत, हेही ठरवलं होतं. सण सणासारखा राहिला पाहिजे.

5. मत द्यायलाही शिकवावं लागतं

सोलापूर महापालिकेत 26 प्रभाग आणि 102 जागा. त्यातले 24 प्रभाग चार जणांचे, दोन तिघांचे. म्हणजे बहुतेक मतदारांना चार मतं द्यायची असतात: अ, ब, क, ड. आधीची निवडणूक फेब्रुवारी 2017 मधली. मध्ये जवळजवळ नऊ वर्षं गेली, त्यामुळे पंचवीस वर्षांच्या मुलीनेही महापालिकेसाठी कधी मत दिलेलं नव्हतं, आणि म्हाताऱ्या बायका लोकसभेच्या सवयीने एक बटण दाबून निघणार हे उघड होतं.

आम्ही पुठ्ठ्याचं यंत्र केलं. प्रत्येक जागेला वेगळ्या रंगाचा कागद, त्यावर खोटी चिन्हं, शेवटी नोटा, आणि बटणाच्या जागी शर्टाची मोठी बटणं शिवलेली. खऱ्या चिन्हांचा वापर केला नाही, म्हणून विरोधी पक्षाच्या घरातल्या सासवाही शिकायला बसल्या. प्रत्येकीने स्वतःच्या बोटाने चार वेळा दाबून दाखवायचं. चारही जागांची बटणं दाबल्याशिवाय मतदान पुरं होत नाही आणि एखाद्या जागेला कुणीच पसंत नसेल तर तिथे नोटा दाबायचं, हे तोंडी दहादा सांगून बसत नाही. हाताने एकदा केलं की बसतं. एक आजी चौथं बटण दाबून म्हणाल्या, आता पोराला विचारायला नको. त्यांच्या घरी आजवर कोणतं बटण दाबायचं ते मुलगा सांगत होता.

आघाडीने हे एकच काम केलं तरी मी तिला आघाडी म्हणेन.

6. योजनेची भीती घालायची नाही

2024 मध्ये लाडकी बहीण योजना आली, महिन्याला दीड हजार रुपये. तेव्हापासून प्रत्येक निवडणुकीत कुणीतरी गल्लीत येऊन सांगतं, आम्हाला मत दिलं नाही तर पैसे बंद. काही वेळा हे सांगायला बायकाच पाठवतात, कारण बाईचं बाई ऐकते. याला आमच्या आघाडीत जागा नाही. योजना सरकारी तिजोरीतून चालते, ती तिजोरी कुणाच्या घरची नाही. कुणी कुणाला मत दिलं हे यंत्रातून कळत नाही, हे विधवा, एकट्या, कर्जात बुडालेल्या बायांना पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. भीतीने मिळालेलं मत मला नको, आणि ते मागणारी कार्यकर्ती तर मुळीच नको.

7. बूथवर बाई बसलीच पाहिजे

पोलिंग एजंट म्हटलं की पुरुषांचीच नावं जातात. कारण विचारलं तर उत्तर तयार: बाई दिवसभर कशी बसेल? शाळेत संडासाची सोय नसते, घरी पोरं असतात. यातली अडचण खरी आहे, म्हणून आम्ही दोघींची जोडी लावतो आणि आदल्या दिवशी शाळेत जाऊन संडास उघडा आहे का, पाणी आहे का ते बघून येतो.

बसायचं कशासाठी? विधानसभेला मतदानाच्या दीड तास आधी अभिरूप, म्हणजे चाचणीचं, मतदान होतं, किमान पन्नास मतांचं. ते आपल्या डोळ्यांसमोर व्हावं, मोजावं, पुसलं जावं. दिवसभर नाव पुकारलं की यादीत खूण करावी. संध्याकाळी एकूण किती मतं पडली त्याचा 17 सी हा कागद सहीनिशी मागून घ्यावा. तो न घेता घरी येणाऱ्या एजंटाने दिवस वाया घालवला असं समजा.

आणि काही गोष्टी बाईच्याच नजरेला पडतात. बुरख्यातली किंवा डोक्यावरून पदर घेतलेली बाई आली की ओळख पटवायला महिला कर्मचारी असावी, अशी तरतूद आहे. पुरुष अधिकारी तोंड दाखव म्हणून ओरडत असेल तर तिथल्या तिथे महिला कर्मचारी मागायची, मग ती बाई कोणाचीही मतदार असो. विधानसभेच्या वेळी एकीचं मत आधीच कुणीतरी देऊन गेलं होतं. ती रडवेली होऊन परत निघाली. आमच्या एजंटने उठून तिला थांबवलं आणि केंद्राध्यक्षांकडून प्रदत्त मतपत्रिका मिळवून दिली. ते मत नेहमीच्या मोजणीत धरलं जात नाही, पण नोंद राहते आणि वाद कोर्टात गेला तर ती उपयोगी पडते. तिने सही केली, मत दिलं आणि ताठ मानेने घरी गेली.

शेवटच्या तासात विडी कामगार, घरकाम करणाऱ्या बायका कामावरून येतात. वेळ संपताना जी रांगेत आहे तिला मत देता येतं. चिठ्ठ्या रांगेच्या शेपटापासून पुढे वाटतात, म्हणजे मागून कुणी घुसत नाही. "टाइम संपला, जा घरी" असं कुणी म्हणालं तरी रांग सोडू नका, हे आधीच सांगून ठेवावं. पंच्याऐंशी वर्षांपुढच्या आणि चाळीस टक्क्यांवर अपंगत्व असलेल्या मतदारांना लोकसभा-विधानसभेला घरून मत देता येतं, पण त्यासाठी 12 डी अर्ज अधिसूचनेनंतर पाच दिवसांत जावा लागतो. तो आपणच नेऊन द्यायचा.

8. मग तिकीट मागा, आणि खुल्या जागेवरही मागा

महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये 2011 पासून बायकांना निम्म्या जागा आहेत. आमच्या 102 मध्ये 51. त्या जागांवर किती वेळा आघाडीत राबलेली कार्यकर्ती येते आणि किती वेळा कुणाची तरी बायको, ते प्रत्येक शहरातल्या बायांना ठाऊक आहे. राखीव जागा सोडतीने फिरते, आणि प्रभाग खुला झाला की निवडून आलेल्या बाईलाही घरी बसवतात. विधानसभेच्या 288 जागांत 2024 साली पंचवीसही बायका निवडून आल्या नाहीत.

निम्म्या जागांचं आरक्षण नव्हतं तेव्हाही बायका उभ्या राहिल्या होत्या. शेतकरी संघटनेच्या महिला आघाडीचं चांदवडचं अधिवेशन 1986 मध्ये झालं, आणि त्याच चळवळीतून 1989 मध्ये जळगाव जिल्ह्यातल्या विटनेरला ग्रामपंचायतीत सगळ्या बायकांचं पॅनल निवडून आलं. त्यांच्याकडे ना निम्म्या राखीव जागा होत्या ना पक्षाचा पैसा. तिकीट मागायला जाताना आम्ही आता बूथवार वही घेऊन जातो: किती नावं आम्ही चढवली, किती दुरुस्त केली, कुठल्या बूथवर आमची बाई बसली होती. ती वही समोर ठेवल्यावर "तुम्ही औक्षणाचं बघा" असं म्हणायची हिंमत होत नाही.

मतदारयादीला आता वर्षात पात्रतेच्या चार तारखा असतात: 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै, 1 ऑक्टोबर. तुमच्या गल्लीत अठरा पुरी होणारी मुलगी असेल, नवी सून आली असेल, तर पुढच्या तारखेची वाट न बघता आजच तिचा फॉर्म भरून घ्या, आणि यादीत नाव आलं का ते स्वतः बघा.