पडका किल्ला कसा पाहावा

मागच्या कार्तिकात आम्ही काही जण नरनाळा किल्ला पाहायला गेलो. पायथ्याशी शहानूर गाव आहे. तिथे एका झाडाखाली एक आजोबा बसले होते. ते म्हणाले, "वर काय ठेवलं हाये भाऊ? पडके गोटे पाह्याले एवढ्या दुरून आले का?"

आजोबांचे म्हणणे खोटे नव्हते. वर वाडे नाहीत, शिपाई नाहीत. भिंती ढासळल्या आहेत, त्यांवर झुडपे वाढली आहेत. पण थोडे माहीत असले, तर हे गोटेही पुष्कळ सांगतात.

नरनाळा अकोला जिल्ह्यात, अकोट तालुक्यात आहे. गाविलगड अमरावती जिल्ह्यात, चिखलदऱ्याजवळ आहे. दोन्ही किल्ले सातपुड्याच्या एकाच डोंगररांगेत आहेत. वऱ्हाडचे सपाट रान या डोंगरांवरून लांबवर दिसते. वऱ्हाडावर नजर ठेवायची, तर ही जागा हाती हवीच.

नरनाळ्यावर चढताना एकामागून एक दरवाजे लागतात. पहिला शहानूर, मग मेहंदी, मग महाकाली. एक दरवाजा पडला, तरी शत्रूपुढे दुसरा उभाच!

महाकाली दरवाजापाशी आम्ही बराच वेळ थांबलो. पांढरट दगड, दगडात कोरलेली कमळे, वर सज्जे. इ. स. १४८७ मध्ये फत्तेउल्ला इमाद-उल-मुल्क याने तो बांधला. तो बहामनी बादशहाचा वऱ्हाडचा सुभेदार होता. पुढे तो स्वतंत्र झाला आणि अचलपूरला इमादशाहीची राजधानी झाली. या दरवाजावर अरबी लिपीत लेख कोरला आहे. पाचशे वर्षे होऊन गेली, तरी त्यातले साल कळते. आणि जवळच्याच भिंतीवर कोणी तरी कोळशाने आपले नाव लिहून ठेवले होते! आम्हांला वाईट वाटले. लिहायला येऊ लागले, की नाव लिहावेसे वाटते, हे आम्ही जाणतो. त्याला पाटी आहे, वही आहे.

वर गेल्यावर पाणी पाहावे. डोंगरमाथ्यावर नदी कुठली? पावसाचे पाणी अडवून तळी भरली, म्हणून माणसे वर राहू शकली. सगळ्यांत मोठे तळे शक्कर तलाव. दगडी झाकणाची टाकीही आहेत. शेतात बांध घालणाऱ्याला ही अक्कल लगेच समजते. नऊगजी तोफही तिथे पडली आहे. सगळे तिच्याभोवती जमतात, पण आम्हांला तळेच मोठे वाटले.

गाविलगडची गोष्ट वेगळी. तिथे भिंतीचा कमजोर भाग पाहावा. हा किल्ला नागपूरकर भोसल्यांकडे होता. किल्लेदार बेनीसिंग. तीन बाजूंना खोल कडे, फक्त उत्तरेकडून डोंगराला जोडलेली वाट. १८०३ च्या डिसेंबरात इंग्रज सेनापती वेलस्ली चालून आला. त्याच्या फौजेने डोंगरातून रस्ता करून जड तोफा हातांनी ओढत उत्तरेला आणल्या. तोफांनी बाहेरच्या तटाला भगदाड पाडले. १५ डिसेंबरला शिपाई आत शिरले. पण आत दुसरा तट होता! त्याला शिड्या लावून काही जण चढले आणि त्यांनी आतून दरवाजा उघडला. बेनीसिंग लढता लढता पडला. दोनच दिवसांनी देवगावचा तह झाला आणि वऱ्हाड भोसल्यांच्या हातून गेले. तो उत्तरेचा तट आपण डोळ्यांनी पाहतो, तेव्हा ही लढाई पुस्तकातली राहत नाही.

दूर जपानातही असेच आहे. तिथल्या सरकारने १८७३ मध्ये पुष्कळ जुने किल्ले मोडायला काढले. लाकडी वाडे गेले, दगडी पाये उरले. आज तिथली माणसे हे पाये हौसेने पाहायला जातात आणि किल्ला पाहिल्याची खूण म्हणून वहीत शिक्का मारून घेतात.

नरनाळ्याला जायचे, तर शहानूरला वनखात्याकडे नोंद करावी लागते. हे मेळघाटातले, वाघांचे रान आहे. पाणी बरोबर घ्यावे आणि दिवस मावळण्याआधी खाली यावे.

आम्ही उतरलो, तेव्हा आजोबा तिथेच होते. आम्ही दरवाजाचे सांगितले, लेखाचे सांगितले. त्यांनी मान हलवली. मग हळूच विचारले, "शक्कर तलावात पानी हाये का अजून?"

"आहे," आम्ही म्हणालो.

"मंग बरं हाये," ते म्हणाले आणि त्यांनी आम्हांला बसायला जागा करून दिली.