पोट उडते म्हणजे नेमके काय होते?

यात्रेतल्या कुस्त्यांच्या फडात रुंद छातीचा गडी उतरला की आपल्याकडची जाणती माणसे म्हणतात, "छाती बघा, दम बी तसाच असणार!" दवाखान्यात येणारे तालमीतले तरुणही मला हेच विचारतात, की जोर मारून छाती वाढवली तर दम वाढेल का? जोर जरूर मारावेत. पण आरशात दिसणारे छातीवरचे ते दोन मोठे स्नायू मुख्यतः हात हलवण्यासाठी आहेत. एरवीच्या श्वासात त्यांचा वाटा जवळजवळ नाही.

श्वासाचा खरा धनी दिसतच नाही. छाती आणि पोट यांच्या मधोमध घुमटासारखा एक पातळ, रुंद स्नायू पसरलेला आहे. त्याला श्वासपटल म्हणतात. श्वास घेताना हा घुमट आकसून खाली सरकतो, छातीची पोकळी वाढते आणि हवा आपोआप आत ओढली जाते. लोहाराचा भाता उघडला की हवा आत शिरते, तसेच हे. साध्या श्वासात श्वासपटल जेमतेम दीड सेंटिमीटर खाली जाते, खोल श्वासात सात सेंटिमीटरपर्यंत. ते खाली आले की पोटातले अवयव पुढे सरकतात, म्हणून श्वास घेताना पोट किंचित फुगते. फोटो काढताना पोट आत ओढून छाती काढणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे! (उचकी लागते तीही या श्वासपटलाच्या अचानक आकसण्यामुळे. कोणी आठवण काढली की नाही, ते शरीरशास्त्र सांगत नाही.)

बरगड्यांच्या बारा जोड्या असतात. त्यांच्यामधल्या फटींत स्नायूंचे थर विणलेले आहेत. बाहेरचा थर बरगड्या वर उचलतो, बादलीची कडी उचलावी तशा. आतला थर जोराने श्वास सोडताना त्या खाली ओढतो. शांतपणे श्वास सोडताना मात्र स्नायूंना काहीच करावे लागत नाही, ताणलेले फुप्फुस रबरासारखे आपले आपण आखडते. चुलीत फुंकणी फुंकताना, खोकताना किंवा सनई वाजवताना पोटाचे स्नायू मदतीला येतात.

शांत बसलेला माणूस मिनिटाला सहा ते आठ लिटर हवा आत घेतो. आपल्या माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली आणि दहावी आली. अशा शर्यतीत धावपटूला मिनिटाला शंभर लिटरच्याही पुढे हवा लागते. त्या वेळी मानेतले स्नायूही वरच्या बरगड्या उचलायला लागतात.

पण हेच मानेचे स्नायू एखाद्याचे बसल्या जागी ताणलेले दिसले, तर ते आजाराचे लक्षण समजावे. जुन्या दम्याचा किंवा बिडी ओढणारा म्हातारा बाजेवर दोन्ही हात टेकून, पुढे वाकून बसतो. हात असे रोवले की छातीचे ते मोठे स्नायू हात हलवण्याऐवजी बरगड्या ओढू लागतात. आडवे व्हा म्हणून त्यांना आग्रह करू नये, बसू द्यावे आणि लवकर डॉक्टरांकडे न्यावे.

लहान मुलाचे त्याहून वेगळे. बाळाच्या बरगड्या मऊ आणि जवळजवळ आडव्या असतात. न्यूमोनियात फुप्फुस घट्ट होते आणि श्वासपटलाला फार जोर लावावा लागतो. त्या ओढीने मऊ बरगड्यांचा खालचा भाग बाहेर येण्याऐवजी आतच जातो आणि पोट वर उडते. श्वास आत घेताना बरगड्यांखाली पडणारी ही खळी म्हणजेच आपल्याकडचे 'पोट उडणे'. काही घरांत याला 'डबा' म्हणतात. दुखणे छातीत असते आणि लोक बघतात पोटाकडे. मग पोटावर बिब्बा घालतात, डाग देतात. कातडी भाजते, न्यूमोनिया तसाच राहतो, आणि औषधाची वेळ मात्र निघून जाते.

बाळ शांत असताना, रडत किंवा पीत नसताना अंगडे वर करा. नाक चोंदले असेल तर आधी साफ करा. मग घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. दोन महिन्यांच्या आतील बाळाचे श्वास ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा जास्त भरले, तर श्वास जलद आहे.

हे मोजायला डॉक्टरच लागतो असे नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने खेड्यातल्या कार्यकर्त्यांना आणि दाईंना न्यूमोनिया ओळखून गोळ्या-औषध द्यायला शिकवले. तिथले बालमृत्यू घटल्याचा त्यांचा अहवाल १९९० साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला.

श्वास जलद असेल किंवा खळी पडत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. बाळ दोन महिन्यांच्या आतले असेल, अंगावर पीत नसेल, कण्हत असेल, ओठ निळसर झाले असतील किंवा ते सुस्त पडले असेल, तर सकाळची एसटी बघत बसू नका. १०८ ला फोन करा. वाटेत बाळाला आईच्या छातीशी उभे धरा, पोट फडक्याने आवळू नका, आणि तोंडात तेल, तूप किंवा काढा घालू नका.