बोकडाचा खुराक हळूहळू वाढवा

बोकड म्हणजे गरिबाच्या घरची शिल्लक. मुलीचे लग्न निघते, मुलाची फी भरायची असते, घरावर कौले घालायची असतात. अशा वेळी घरधनी दाव्याच्या बोकडाकडे पाहतो. बकरी ईद जवळ आली की चांगल्या बोकडाला गिऱ्हाईक येते. गिऱ्हाईक वजन पाहते. म्हणून विकण्याआधी दोन-तीन महिने बोकडाला धान्याचा खुराक देऊन पोसतात.

आपल्या रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडे कोकण कन्याळ ही शेळीची जात आहे. ही जात मांसासाठी चांगली. आपल्या पावसाळी हवेला ती सरावलेली आहे. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने तिच्यावर काम केले आहे. पण जात कितीही चांगली असली, तरी खुराक चुकला तर बोकड हातचा जातो.

तो कसा जातो, ते पाहू.

पोटातली भट्टी

शेळी, गाय, म्हैस ही रवंथ करणारी जनावरे. त्यांच्या पोटाला चार कप्पे असतात. सर्वांत मोठा कप्पा डाव्या कुशीला असतो. त्याला कोटीपोट म्हणतात. खाल्लेला पाला आधी तिथे जातो.

कोटीपोटात डोळ्यांना न दिसणारे कोट्यवधी जीव राहतात. पाला, गवत, पेंढा हे सारे तेच कुजवतात व पचवतात. त्यांतले काही जीव पाल्यावर जगतात, काही धान्यावर. रानात चरणाऱ्या बोकडाच्या पोटात पाल्यावर जगणारे जीव जास्त असतात.

आता अशा बोकडापुढे एकदम पाटीभर मका किंवा भात ठेवला, तर काय होते? बोकड तो आवडीने खातो. पोटात धान्य भराभर आंबते. खूप आंबट रस तयार होतो. पाल्यावर जगणारे जीव त्यात मरतात. अंगातले पाणी पोटात ओढले जाते. रवंथ थांबते. बोकड एक-दोन दिवसांतही दगावतो.

लोक म्हणतात, "कुणाची नजर लागली." नजर कुणाची नाही, बरं का. पोट आंबले, एवढेच.

लग्नात, पूजेला, गणपतीत भात उरतो. तो वाया जाऊ नये म्हणून आपण जनावरापुढे ओततो. त्यानेही असेच होते. मे-जूनमध्ये झाडाखाली पडलेले पिकले फणस गुरे पोटभर खातात, तेव्हाही असेच होते.

घाई नको

अमेरिकेत टेक्सास, नेब्रास्का, कॅन्सस या राज्यांत मांसासाठी गुरे पोसण्याचे मोठमोठे वाडे आहेत. एकेका वाड्यात हजारो गुरे असतात. तिथे मक्याला तोटा नाही. तरीही कुरणातून आलेल्या गुराला ते लगेच मक्यावर आणत नाहीत. आधी चारा जास्त, मका कमी. मग दर काही दिवसांनी चारा थोडा कमी, मका थोडा जास्त. असे साधारण तीन आठवडे चालते. तेवढ्यात पोटातले धान्यावर जगणारे जीव वाढतात व पोट सरावते.

आपणही तेच करायचे. आपल्या बोकडाला त्यांच्या गुरांइतके धान्य लागत नाही. पण रीत तीच.

२० किलो वजनाच्या बोकडाला रोज असा खुराक द्यावा:

पहिले ३ दिवस — ५० ग्रॅम
४ ते ७ दिवस — १०० ग्रॅम
८ ते ११ दिवस — १५० ग्रॅम
१२ ते १५ दिवस — २०० ग्रॅम
१६ ते २० दिवस — २५० ग्रॅम
२१व्या दिवसापासून — ३०० ग्रॅम

हा पूर्ण दिवसाचा खुराक आहे. त्याचे दोन भाग करावेत. अर्धा सकाळी, अर्धा संध्याकाळी.

वाण्याच्या तराजूवर एकदा ५० ग्रॅम भरडा मोजून घ्या. तो एका डब्यात ओता आणि डब्यावर खूण करा. मग रोज तराजू नको.

हे लक्षात ठेवा

१. आधी पाला किंवा पेंढा द्या, मग खुराक. उपाशी पोटी धान्य नको. फणसाचा पाला बोकड आवडीने खातो.

२. मका भरडून द्या. पीठ करू नका. पीठ पोटात लवकर आंबते.

३. नुसता मका नको. त्यात पेंड, कोंडा, तुरीची चुणी, थोडे मीठ व खनिज मिश्रण घाला.

४. एक दिवस खुराक चुकला, तर दुसऱ्या दिवशी दुप्पट देऊ नका.

५. लेंड्या पातळ झाल्या, तर खुराक वाढवू नका. आधीच्या मापावर या.

६. स्वच्छ पाणी सदा पुढे असावे. खुराकावरच्या बोकडाला पाणी कमी पडले, तर मुतखडा होण्याचा धोका वाढतो.

७. पावसाळ्यात भरडा ओला होतो व त्याला बुरशी येते. असा भरडा फेकून द्या.

८. धान्याची कणगी व पोती बंद ठेवा. सुटलेला बोकड रात्रीत पोट फुटेस्तोवर खातो.

९. पावसाळ्यापूर्वी आंत्रविषाराची लस टोचून घ्या. खुराक एकदम वाढला की हा रोगही उसळतो.

बोकड आजारी पडला तर

बोकड खाणे सोडतो. रवंथ करीत नाही. दात खातो. डावी कूस फुगते. हगवण लागते व तिला आंबट वास येतो. चालताना झोकांड्या जातात.

असे दिसले की धान्य ताबडतोब बंद करा. सकाळची वाट पाहू नका. जनावरांच्या दवाखान्यात जा किंवा १९६२ या क्रमांकावर फोन करा. काय खाल्ले, किती खाल्ले, केव्हा खाल्ले, ते डॉक्टरांना सांगा. खाण्याचा सोडा पाण्यातून पाजतात, पण किती पाजायचा ते डॉक्टरांना विचारा. आडव्या पडलेल्या बोकडाच्या तोंडात काही ओतू नका. ते फुप्फुसात जाते.

आता आपल्याला लिहायला येते. गोठ्याच्या भिंतीवर खडूने तारीख लिहा. पुढे त्या दिवसाचे माप लिहा. सकाळी तुम्ही खुराक घातला आणि दुपारी घरच्या दुसऱ्या कुणी पुन्हा घातला, असे मग होणार नाही. भिंतीवरचे दोन आकडे बोकड वाचवतील.

वाचा व सांगा

१. कोटीपोट कोणत्या कुशीला असते?
२. एकदम धान्य खाल्ले तर पोटात काय होते?
३. नवव्या दिवशी बोकडाला किती खुराक द्याल? त्यातला सकाळी किती?
४. लग्नात उरलेल्या भाताचे तुमच्या वाडीत काय करतात? आता काय कराल?