संगणकावरील दस्तऐवज कसा उघडतो?

शाळा, ग्रामपंचायती व शासकीय कार्यालये यांतून संगणकाचा वापर आता नित्याचा झाला आहे. पडद्यावरील दस्तऐवजाच्या चिन्हावर दोनदा क्लिक केले की तो उघडतो, हे सर्वांना ठाऊक असते. परंतु त्या क्षणार्धात काय घडते, हे समजून घेणे सुरक्षिततेच्या दृष्टीने अगत्याचे आहे.

दस्तऐवज स्वतः उघडत नसतो. त्याला उघडणारा प्रोग्रॅम निराळा असतो. विंडोज प्रणाली फाइलच्या नावाचे शेवटचे टोक, म्हणजे एक्स्टेन्शन, पाहते. त्या प्रकारासाठी कोणता प्रोग्रॅम नेमला आहे, याची नोंद 'रजिस्ट्री'त असते. तो प्रोग्रॅम सुरू करून फाइलचा पत्ता त्याच्या स्वाधीन केला जातो. प्रोग्रॅम आधीच चालू असल्यास नवी प्रत पुष्कळदा तो पत्ता जुन्या प्रतीकडे सोपवून स्वतः बंद होते.

ॲपल कंपनीने १९९१ साली 'सिस्टिम ७' या प्रणालीत निरोपांची पद्धत आणली. 'सुरू हो', 'हे दस्तऐवज उघड', 'हे छाप' व 'बंद हो' हे चार मूलभूत निरोप होत. 'सुरू हो' एवढाच निरोप आला, तर प्रोग्रॅम सामान्यतः कोरे पान मांडतो. दस्तऐवजाचा निरोप आला, तर तोच दस्तऐवज समोर ठेवतो.

दुव्यांचेही तसेच. आरंभी 'एचटीटीपीएस' असल्यास ब्राउझर, तर 'मेलटू' असल्यास ई-मेलचा प्रोग्रॅम पुढे येतो.

धोका येथेच संभवतो. मे २००० मध्ये 'आय लव्ह यू' नावाचा उपद्रवी प्रोग्रॅम ई-मेलद्वारे जगभर पसरला. सोबतच्या फाइलच्या नावात आधी 'टीएक्सटी' व अखेरीस 'व्हीबीएस' होते. विंडोज ज्ञात एक्स्टेन्शन सहसा लपवीत असल्याने लोकांना ती साधी मजकुराची फाइल वाटली. प्रत्यक्षात 'व्हीबीएस' म्हणजे आज्ञांची यादी. ती उघडताच अमलात येई, अनेक फाइली नष्ट करी आणि पत्तावहीतील सर्वांना तोच ई-मेल धाडी.

यास्तव 'व्ह्यू' यादीतून 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स' हा पर्याय चालू ठेवावा. परिपत्रक किंवा दाखला म्हणून आलेल्या फाइलच्या अखेरीस 'ईएक्सई' वा 'व्हीबीएस' दिसल्यास ती उघडू नये. पाठविणाऱ्यास दूरध्वनीवरून विचारून खात्री करावी. शिक्षकांनी हा धडा विद्यार्थ्यांनाही द्यावा. टपालाचे पाकीट फोडण्यापूर्वी ते कोणाचे, हे आपण पाहतोच. फाइलचे शेवटचे टोक पाहण्याची सवयही तशीच अंगवळणी पडली पाहिजे.